पोस्टर लाव आणि तिथेच उभी राहा

अगं, तुझा मेसेज परवा वाचला, तेव्हापासून डोक्यात घोळतोय. युनिव्हर्सिटीने रिसर्च स्टुडंट्ससाठी खास दिवस ठेवलाय, आपापल्या रिसर्चचं पोस्टर लावायचंय, आणि तू म्हणतेस माझं अजून काहीच पूर्ण नाही तर नाव काढून घेते. नको काढूस. पीएचडीत व्हायव्हाच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, दिवसापर्यंत काही पूर्ण नसतंच गं, आणि कौतुक डिग्री हातात आल्यावरच करून घ्यायचं ठरवलंस तर मधली चार-पाच वर्षं कोरडी जातात, माझी तशीच गेली आणि त्याची हळहळ अजून वाटते.

खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल माहितीये ना? १९६७ साली त्या केंब्रिजला पीएचडी करत होत्या, आणि आपण इथे चुकून आलोय, कधीतरी आपल्याला काढून टाकतील असं त्यांना सारखं वाटायचं, हे त्यांनीच नंतर सांगितलंय. तर काढेपर्यंत तरी जीव तोडून काम करू म्हणून त्या रेडिओ टेलिस्कोपच्या कागदी चार्टच्या भेंडोळ्या स्वतः डोळ्यांनी तपासायच्या, त्यात एक जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची खूण दिसली जी कशातच बसेना. गाईडना आधी वाटलं कुठलातरी माणसांनीच केलेला सिग्नल असेल, पण यांनी पिच्छा सोडला नाही आणि तो सापडलेला पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा, निघाला! १९७४ चं नोबेल मात्र गाईडना मिळालं, यांना नाही. पुढे २०१८ मध्ये ३० लाख डॉलरचं ब्रेकथ्रू प्राइझ मिळालं तेव्हा त्यांनी ते सगळं, ज्यांना फिजिक्समध्ये सहसा शिरकाव मिळत नाही अशा पीएचडीवाल्यांच्या स्कॉलरशिपसाठी देऊन टाकलं. हे वाचलं तेव्हा मी रडले होते, खरंच.

म्हणून सांगते, पेपरवर नाव कोणाचं आणि कुठल्या नंबरला हे काम सुरू होतानाच विचारून घे, संकोच करू नकोस. गाईडशी मीटिंग झाली की काय ठरलं ते चार ओळींत मेल करून टाक.

आणि झोप लागत नाही हे तू मधेच एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी तिथेच अडकलेय. २०१८ मध्येच २६ देशांतल्या २,२७९ जणांचा सर्व्हे आला होता, बहुतेक पीएचडीवालेच, त्यात डिप्रेशन आणि एन्झायटी सर्वसाधारण लोकांच्या सहापटीहून जास्त निघाली. म्हणजे तू कमकुवत नाहीयेस. याच आठवड्यात काउन्सेलरची वेळ घे, आणि गाईडशी बोलणं जड जात असेल तर मला सांग, आपण काय बोलायचं ते आधी मिळून ठरवू.

पोस्टरवर जो प्रयोग तीनदा फसला तो पण टाक, बघणारे तिथेच थांबतात. आणि शेजारच्या पोस्टरवाल्याला एखादा प्रश्न नक्की विचार, कारण काही जण दिवसभर उभे असतात आणि कोणी फिरकतसुद्धा नाही. ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव, मी रात्री बसून बघते.