दाजींचं आधार कार्ड माझ्याच हातात आलं

पत्र थोडक्यात असं: आक्का, मी कोल्हापूरच्या राजारामपुरीचा, वय २६. पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या प्रवेशाच्या डेस्कवर आहे, ओळखपत्र बघायचं, एन्ट्री करायची. दिवाळीनंतर एका शनिवारी रात्री पुढ्यात आलेलं आधार कार्ड माझ्या दाजींचं निघालं. मागं पत्ता तोच, जिथं भाऊबीजेला जेवून आलो. घरी 'पार्टीकडं वसुलीला जातो' सांगून निघतात. मोबाईलवरचं रमी बंद झालं तेव्हापासनं इकडं यायला लागलो, असं स्वतःच हसत बोलले. आत्तापर्यंत सहा वेळा आलेत. मागच्या खेपेला बोटात लग्नातली अंगठी नव्हती, नुसता पांढरा वळ होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, कॅश जास्त आहे, काउंटरवर ओळख आहे ना तुझी, निम्मी मित्राच्या नावावर लावून दे. ताईला सांगू का? सांगितलं तर नोकरी जाईल, नाही सांगितलं तर तिला तोंड कसं दाखवू?

भावा, अगोदर ते निम्म्या कॅशचं बघू. नाही म्हणजे नाही, दाजी असले तरी. एका माणसाकडनं एका दिवसात २ लाख किंवा त्याच्यावर रोख घ्यायची नाही असं आयकर कायदा सांगतो आणि दंड बसतो तो घेणाऱ्यावर, तोही तेवढ्याच रकमेचा, म्हणून तर तुमचा कॅशियर नोटा मोजताना नाव विचारतो. शिवाय कॅसिनो मनी लाँडरिंगच्या कायद्यात येतात, १० लाखांवरचे रोख व्यवहार फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे संशयाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावे लागतात, आणि महिन्याभरात तुकडे पाडून केलेले, एकमेकांत गुंतलेले व्यवहारपण त्यात धरतात. म्हणजे दोन नावं करून हुशारी होत नाही, उलट तीच संशयाची खूण ठरते. दाजी सकाळी घाट चढून घरी येतील, अडकशील तू.

उद्याच सुपरवायझरला सांग, 'आमचे पाहुणे येतात, त्यांची एन्ट्री दुसऱ्या कुणी करावी'. यात लाज कसली. आणि रजिस्टरचा फोटो काढून ताईला व्हॉट्सअॅप करायचा नाही. कुणाच्या व्यवहाराबद्दल वर संशयाचा रिपोर्ट गेला असला तर ते कुणालाच सांगायचं नसतं, दाजींना नाही आणि ताईलाही नाही.

आता खरं दुखणं. तुझ्या डेस्कवर बघतात काय? वय २१ भरलंय का, माणूस गोंयकार तर नाही (त्यांना २०२० पासून आत बंदी), कार्ड खरं आहे का, आणि मोठी रक्कम असली तर पैसा कुठला. या माणसाला एवढं हरणं झेपतंय का, हा रकाना काही तुझ्या स्क्रीनवर नाही. सिंगापूरला घरचे लोक अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोची बंदी घालून घेऊ शकतात, वर तिथल्या नागरिकाला नुसतं आत पाऊल टाकायला दिवसाचे १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात. तुझी ताई कुठं अर्ज करणार, तिला तर नवरा वसुलीला गेलाय एवढंच माहीत आहे.

आमचे धाकटे मामा मटका लावायचे. ओपन-क्लोजच्या चिठ्ठ्या पंचांगात घालून ठेवायचे. हे चहाच्या गाडीवाल्याला माहीत, शेजारच्या शिंप्याला माहीत, नववीत असलेल्या मलासुद्धा माहीत होतं. मामीला कळलं ते शिलाई मशीन उचलून न्यायला माणूस दारात आला तेव्हा. ती मामांवर चिडली नाही एवढी आमच्यावर चिडली, 'तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?' म्हणून. कितीतरी वर्षं आमच्यात जेवायला आली नाही.

म्हणून ताईला कळलं पाहिजे. पण आधी दाजींना एकट्यात गाठ. ड्युटीवर नको, त्यांच्या घरी पोरांसमोर तर नकोच, सुट्टीला आलास की रंकाळ्यावर ने आणि सरळ सांग, 'दाजी, येत्या रविवारपर्यंत तुम्ही ताईला सांगा, नाहीतर सोमवारी मी सांगणार.' ते म्हणतील, गेलेलं एकदा वसूल करतो मग बंद. हे वाक्य लक्षात ठेव, गेलेलं काढायला परत जाणं हीच या रोगाची ओळख, आणि रोग मी उगीच म्हणत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आपल्या सीपीआर हॉस्पिटलात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. आणि 'मला आत घेऊ नका' असं लिहून द्यायची सोय तुमच्याकडं असली तर तो फॉर्म खिशात घालूनच ये.

सोमवार उजाडला आणि ते बोललेच नाहीत तर ताईला एवढंच सांग, 'दाजी गोव्याला खेळायला येतात.' तारखा नाहीत, आकडे नाहीत. नोकरीला धोका आहे का? आहे, खोटं कशाला बोलू.

ताईसाठी दोन-चार गोष्टी. कपाटातलं सोनं स्वतःच्या हातानं मोजावं. वर्षातनं एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो स्वतःचा काढावा, आपल्या नावावर काय काय कर्ज आहे ते कळतं. पतसंस्थेच्या कुठल्याही कागदावर जामीनदार म्हणून सही नाही. सावकार निघालाच तर त्याचं लायसन आहे का ते जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडं विचारावं, विनालायसन सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पैजेत हरलेली उधारी कोर्टात वसूल होत नाही, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० आहे, पण बँकेचं नि सोनेतारणाचं कर्ज ते कर्जच. आणि तू पगारातनं दाजींना उसनं द्यायचं नाहीस, पाचशेसुद्धा नाही.

पहिल्यांदा ताई तुझ्यावरच भडकेल, सहा खेपा होईपर्यंत गप्प का बसलास म्हणून. मधी न बोलता ऐकून घे. आणि अंगठी कुठं गेली ते दाजींना तू विचारू नकोस, ते तिला विचारू दे.

आक्का