दुसऱ्याचं प्रेशर आपल्या नाकाला लावू नका

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं रेडिओवरून बोलणारे, पाच-सहा मित्र, कोणी परभणी कोणी उदगीर, माजलगाव, हिंगोली असे पांगलेले, भेट कधीमधी पण मोबाईलवर रोज बोलणं. आधी अँटेना अन् रेडिओचंच बोलायचो, मग कॉम्प्युटरच्या अडचणी सुरू झाल्या, अन् आता सगळ्यांची पन्नाशी उलटली तर गाडी घोरण्यावर आलीय. उदगीरच्या मित्राला झोपेत श्वास थांबायचा आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया निघाला, तो नाकातून दाबानं हवा सोडणारं सीपॅप मशीन लावून झोपायलाय अन् लै फरक पडला म्हणतो. माझी बायको म्हणायली की तुम्ही पण घोरता घोरता एकदम गप होता अन् मग दचकून श्वास घेता, मला भ्या वाटतं. मित्रानं नवीन मशीन घेतलंय, जुनं मला देतो म्हणतो, सेटिंग पण तोच सांगणार. माझ्या कॉम्प्युटरचं सगळं त्यानंच तर लांबून बसून नीट करून दिलंय. घ्यावं का? अन् अजून एक, लाइट गेली की कॉम्प्युटरचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जातं अन् एफटी-८ वर, म्हणजे कॉम्प्युटर जोडून रेडिओवरून छोटे संदेश पाठवतो तिथं, कोणीच दिसंना, ते काय?
– एक वाचक, परभणी

उत्तर : भाऊ, घड्याळाचं आधी उरकून घेतो कारण ते सोपंय. मदरबोर्डवर एक चपटी गोल बॅटरी असते, सीआर २०३२, लाइट नसताना घड्याळ तीच चालू ठेवते. ती संपली की दर वेळी तारीख मागं जाणार. प्लग काढा, बॅटरी बदला, अधिकची खूण वरच्या बाजूला ठेवा, चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एकदा तारीख-वेळ घाला अन् मग विंडोजला इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावा. स्वस्तात काम होतं. एफटी-८ ला हे फार लागतं, कारण तिथं पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात, प्रत्येक जण ०, १५, ३०, ४५ सेकंदालाच सुरू करतो अन् साडेबारा सेकंदाच्या आसपास पाठवून गप बसतो, तुमचं घड्याळ एक-दोन सेकंद इकडंतिकडं असलं तर समोरचा कितीही जोरात येऊ द्या, त्याचा संदेश डिकोड व्हायचं, म्हणजे उलगडायचं, अवघड. २०१७ ला ज्यांनी हे काढलं त्यातले जो टेलर हे फिजिक्सचं १९९३ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, पण घड्याळ चुकलं तर त्यांच्या सॉफ्टवेअरलाही काही करता येत नाही. आणि तारीख मागं गेली की बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, तेव्हा घाबरू नका, व्हायरस समजू नका, आधी तारीख बघा.

आता मशीनचं. घेऊ नका. म्हणजे मित्राचं ऐकू नका असं नाही म्हणत मी, उलट या सगळ्यात तुम्हाला जागं केलं असेल तर त्यानंच. पण कॉम्प्युटरचं सेटिंग चुकलं तर फार तर फॉरमॅट मारू, घशाचं तसं नाहीये.

झोपेत होतं काय, तर गळ्याचे स्नायू सैल पडतात, जीभ अन् टाळू मागं येतात अन् श्वासाची वाट बारीक होते, ती थरथरते तेच घोरणं. काहींची वाट पूर्ण मिटते. छाती-पोट हलत असतं, श्वास घ्यायची धडपड चालू असते पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू जागं करतो, माणूस दचकून मोठा श्वास घेतो अन् पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला तर त्याला अ‍ॅप्निया धरतात, अन् असं थांबणं किंवा फार कमी होणं तासाला सरासरी किती वेळा झालं त्यावर आकडा काढतात, पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा. असं रात्रभर, वर्षानुवर्षं, मग बीपी गोळ्यांनी पण आटोक्यात येत नाही, हृदयावर ताण येतो, सकाळी डोकं जड अन् तोंड कोरडं.

बायकोनं जे सांगितलं ना, घोरता घोरता गप, मग दचकून श्वास, हीच सगळ्यात महत्त्वाची खूण आहे अन् ती शेजारी झोपणाऱ्यालाच दिसते. त्यांना म्हणावं मोबाईलवर दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, छाती-पोट दिसेल असा. तो घेऊन कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडं जा, परभणीत सोय नसली तर नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरला विचारा. ते झोपेची तपासणी सांगतील, काही ठिकाणी दवाखान्यात रात्रभर झोपवतात, काही जण छोटं यंत्र घरी देतात, नाकाशी बारीक नळी, छातीला-पोटाला पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. दुखत काही नाही.

मशीन उसनं का नको तेही सांगतो. सीपॅप म्हणजे हवेच्या दाबानं गळ्याची वाट उघडी धरायची, १९८१ ला सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हे पहिल्यांदा जगापुढं मांडलं, अन् तत्त्व अजून तेच आहे. हा दाब साधारण चार ते वीस सेंटीमीटर पाण्याच्या मापात असतो अन् प्रत्येकाला वेगळा लागतो. मित्राला बारा लागत असेल, तुम्हाला आठमध्ये भागत असेल. कमी पडला तर मशीन लावूनही श्वास थांबतच राहणार अन् तुम्ही मात्र निर्धास्त, जास्त झाला तर मास्कमधून हवा फुसफुसणार, पोटात हवा जाऊन पोट फुगणार, अन् काही जणांना तर वेगळ्याच प्रकारचा अ‍ॅप्निया सुरू होतो, त्यात मेंदूच श्वासाचा हुकूम देत नाही. ऑटो मशीन दाब आपला आपण कमी-जास्त करतं खरं, पण कुठून कुठपर्यंत ते डॉक्टरच ठरवतात. मुळात तुम्हाला अ‍ॅप्निया आहे का अन् कोणत्या जातीचा, हेच अजून कुठं कळलंय? शिवाय जुन्या मशीनचा एक धोका वेगळा, फिलिप्सनं जून २०२१ मध्ये आतला आवाज दाबायचा फोम झिजून कण श्वासात जायची भीती आहे म्हणून आपली बरीच मशीनं परत बोलावली होती, तसलं एखादं अजून कुणाच्या कपाटात असू शकतं, मित्रालाही मॉडेल नंबर तपासायला सांगा.

उद्या मशीन लागलंच तर मात्र मित्राला सोडू नका, कारण रोजचं निभावायचं कसं ते त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही. मास्क तीन तऱ्हेचे येतात, नाकपुडीत बसणारा, नाकावरचा अन् नाक-तोंड दोन्ही झाकणारा, आपल्याकडं झुपकेदार मिशीवाल्यांचा मोठ्या मास्कमधून हवा गळायचा त्रास कायमचा, त्याला नाकपुडीवाला बरा पडतो, पण तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला तो चालत नाही. हवा ओली करायला मशीनला पाण्याचा डबा असतो, त्यात बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडचं पाणी इतकं जड की थोड्याच दिवसांत पांढरा थर बसतो, डिस्टिल्ड वॉटरच घ्या. लोडशेडिंगला इन्व्हर्टर लागेल, हवा गरम-ओली करणारा हीटर बंद ठेवला तर मशीन फार वीज खात नाही, अन् एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं गरम हवा पाहिजे तरी कुणाला. तुम्ही हॅमवाले, शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, बारा व्होल्टची बॅटरी असणारच अन् मशीन तिलाच जोडावं वाटेल, थांबा, काही मशीनला चोवीस व्होल्ट लागतात, त्या मॉडेलचा डीसी कन्व्हर्टरच वापरा. अडॅप्टरमुळं रेडिओच्या ४० मीटर बँडवर खरखर आली तर वायरीला ती दाबणारं फेराइट लावा, हे मी तुम्हाला शिकवायला नको.

प्रश्न : भाऊ, आमचे हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रेडिओवर परदेशातले लोक शोधत बसायलेत, सकाळी कामावर जाताना मोटारसायकलवर डुलकी लागते म्हणतात. घोरतात पण लै, सासूबाई म्हणतात घोरणं म्हणजे गाढ झोप, काही होत नाही. रात्रीतून तीनदा लघवीला उठतात, शुगर तपासली तर नॉर्मल आली. जागरणामुळंच व्हायलं असेल का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे आज-उद्याच त्यांची मोटारसायकल बंद करा, एसटीनं जाऊ द्या किंवा कुणाच्या तरी मागं बसू द्या, बाकीचं सगळं त्यानंतर. गाडीवर डुलकी येणाऱ्याला आपण झोपलो होतो हे पडल्यावरच कळतं.

जागरणाचं म्हणाल तर ते असू शकतं अन् ते तपासायला सोपं आहे, रेडिओ थोडे दिवस दहाला बंद, सात-आठ तास झोप सलग. तरी दिवसा पेंगत असले तर कारण जागरण नाही. सासूबाईंना नीट समजावून सांगा, जोरात घोरून मधे मधे श्वास थांबत असेल तर ती गाढ झोप नसते, माणूस रात्रभर अर्धवट जागा होत असतो. लघवीचं पण याच्याशीच नातं असू शकतं, बंद वाटेशी छातीची ओढाताण झाली की हृदयातून एक हार्मोन जास्त सुटतो अन् तो लघवी वाढवतो, म्हणून शुगर अन् प्रोस्टेट ठीक असूनही उठावं लागतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आपण होऊन कोणी सांगत नाही. जायच्या आधी त्यांच्या गळ्याचा घेर टेपनं मोजून ठेवा, पुरुषाचा चाळीस सेंटीमीटरच्या वर असला तर शंका वाढते. बारीक माणसालाही हे होतं, त्यामुळं ‘त्यांचं वजन तर जास्त नाही’ म्हणून गप बसू नका.

प्रश्न : सीपॅप मशीनमधलं एसडी कार्ड कॉम्प्युटरला लावून मित्र रात्रीच्या श्वासाचे आलेख पाठवतात अन् आम्ही सगळे त्यावर मत देतो. मला पण करायचंय, पण कार्ड लावलं की मशीन नंतर कार्ड एरर दाखवायलंय.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : कार्डाच्या कडेला बारीक खटका असतो, कॉम्प्युटरला लावायच्या आधी तो लॉकवर सरकवा. विंडोज अन् मॅक दोन्ही न विचारता आपापल्या फायली कार्डावर टाकू शकतात अन् मशीनला ते रुचत नाही. मशीनमध्ये परत घालताना खटका उघडायला विसरू नका, नाहीतर रात्रीची नोंदच होणार नाही. आलेख बघायला ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, मात्र सगळी मशीनं त्याला वाचता येत नाहीत.

बघायचं काय, तर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा फार कमी झाला तो आकडा पाचच्या खाली राहतोय का अन् मास्कमधून गळती किती. गळती जास्त दिसली तर आकड्यावर विसंबू नका, आधी पट्टे नीट करा, उशी बदलून बघा, इथं मित्रांची मतं जरूर घ्या. दाब मात्र आलेख बघून घरी वाढवू नका. डॉक्टरांकडं जाताना महिन्याभराचा रिपोर्ट कागदावर छापून न्या, ओपीडीच्या गर्दीत मोबाईलवर बोटानं सरकवत दाखवलं की त्यांनाही धड वाचता येत नाही.