अगदी लहानपणीचं आपल्याला काहीच का आठवत नाही?

तुम्ही विचारलंय की साडेतीन वर्षांच्या आधीचं तुम्हाला काही म्हणजे काही आठवत नाही, मग तुमच्या स्मरणशक्तीत काही दोष आहे का? अजिबात नाही. मोठ्या माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. पुढे सातव्या वर्षापर्यंतच्या आठवणीसुद्धा विरळच असतात. तुमचं सगळं चारचौघांसारखंच आहे.

मी या विषयाकडे वळले ते माझ्या मुलीमुळे. माझे वडील गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. नंतर कितीतरी महिने ती कुणी न विचारता सांगायची, "आजोबा मला खांद्यावर घेऊन जिना चढायचे आणि वर पोचल्यावर थांबायचे." आज ती नऊ वर्षांची आहे आणि तिला आजोबा फक्त फोटोतले माहीत आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार लागलं. जे तिला एवढं स्पष्ट आठवत होतं, ते गेलं कुठे?

बहुतेक जण म्हणतात, त्या वयात आठवणी तयारच होत नाहीत. ते खरं नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तान्ह्या बाळांच्या पायाला रिबन बांधून तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या खेळण्याला जोडलं. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळं चटकन शिकली. तीन महिन्यांच्या बाळांना ते साधारण आठवडाभर लक्षात राहिलं, सहा महिन्यांच्या बाळांना दोन आठवडे. आणि विसरून गेल्यावरही, ते खेळणं नुसतं समोर हलवून दाखवलं की आठवण परत जागी व्हायची! २०२५ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जाग्या बाळांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. एखादं चित्र पहिल्यांदा पाहताना ज्या बाळाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणी साठवण्यात मुख्य वाटा असलेला भाग) जास्त हालचाल दिसली, ते बाळ नंतर तेच चित्र जास्त वेळ न्याहाळत होतं. वर्ष उलटलेल्या बाळांमध्ये हे जास्त ठळक होतं.

म्हणजे आठवण बनते, पण टिकत नाही, किंवा पुढे सापडत नाही.

हे घडतं कधी, याचा माग मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बाउअर यांनी काढला. तीन वर्षांची मुलं आईशी कोणत्या प्रसंगांबद्दल बोलतात हे त्यांनी नोंदवून ठेवलं आणि काही वर्षांनी त्याच मुलांना तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले ६० टक्क्यांहून अधिक आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहूनही कमी. ते वाचलं तेव्हा मला माझ्या मुलीचं कोडं उलगडलं. असे प्रसंग मुलं लगेच विसरत नाहीत, त्यातलं बरंचसं सात वर्षांच्या आसपास पुसलं जातं.

का होतं, याचं एकच एक उत्तर अजून मिळालेलं नाही. मला सर्वांत पटलेलं कारण कॅनडातल्या टोरंटोच्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन या मेंदूसंशोधकांचं. लहान वयात हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी झपाट्याने तयार होतात आणि जुन्या जोडण्यांमध्ये शिरून त्या विस्कटून टाकतात. २०१४ साली त्यांनी दाखवलं की मोठ्या उंदरांमध्येही नव्या पेशी वाढवल्या की ते आधीचं शिकलेलं विसरतात. उलट गिनीपिगची पिल्लं जन्मतःच बरीच वाढलेली असतात, त्यांच्यात नव्या पेशी कमी बनतात आणि ती फारसं विसरत नाहीत. पुढे २०१८ मध्ये उंदरांच्या बाळपणीच्या 'विसरलेल्या' आठवणीच्या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर ती आठवण परत आली. हे सगळं प्राण्यांमधलं आहे, तरी पुसलं गेलंय असं वाटणारं आत कुठेतरी शिल्लक असू शकतं, हा विचार मला धीर देतो.

दुसरं कारण भाषेचं. न्यूझीलंडमध्ये गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना एक गमतीचं यंत्र खेळायला दिलं. मोठं खेळणं आत टाकायचं, लहान होऊन बाहेर. सहा महिने ते वर्षभराने मुलांना यंत्र कसं चालवायचं हे करून दाखवता आलं, पण त्याबद्दल सांगताना त्यांनी घटनेच्या वेळी न येणारा एकही शब्द वापरला नाही. दरम्यान ते शब्द त्यांना येऊ लागले होते, तरीही! तेव्हाची आठवण तेव्हाच्याच शब्दांत अडकून राहिली होती. आणि जी सांगता येत नाही, ती पुन्हापुन्हा उजळली जात नाही.

घरात मागच्या गोष्टींबद्दल किती बोललं जातं, यानेही फरक पडतो. मौखिक परंपरा जपणाऱ्या माओरी लोकांची (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) पहिली आठवण एका अभ्यासात सरासरी २ वर्षं ८ महिन्यांची निघाली. म्हणून लहान मूल घरात असेल तर त्याला "मजा आली ना?" एवढंच विचारू नका. "मग काय झालं? तिथे कोण होतं?" असं विचारा आणि ते सांगेल ते ऐका.

पाळण्यातलं आठवतं असं सांगणारे भेटतील. २०१८ च्या एका पाहणीत ६,६४१ जणांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी दोन वर्षांच्या आतली आठवण सांगितली होती. संशोधकांच्या मते त्यातल्या बहुतेक फोटोंवरून आणि घरच्यांच्या बोलण्यावरून तयार झालेल्या असाव्यात. त्यांत खोटेपणा नसतो, सांगणाऱ्याला ते मनापासून आठवत असतं. तुम्ही विचारलंत की संमोहनाने तुमच्या आठवणी परत मिळतील का. त्याच्या नादी लागू नका. त्यातून नसलेल्या आठवणी पक्क्या होऊन बसतात.

माझी मुलगी तेव्हा आजोबांबद्दल जे बोलायची, ते मी एका वहीत लिहून ठेवलं होतं. आता ती ते स्वतः वाचते आणि विचारते, "मी असं म्हणाले होते?" मी हो म्हणते. आठवतंय का, असं मात्र विचारत नाही.