चिंगीच्या पोटावरचे केस

प्रश्न : आमची मांजर चिंगी चार वर्षांची, नसबंदी झालेली, घरातच राहणारी. जुलैपासून तिच्या पोटावरचे आणि मागच्या मांड्यांच्या आतले केस जवळजवळ गेले आहेत. जखम नाही, खपली नाही. ती फार चाटतेय असंही आम्हाला दिसत नाही आणि पिसवा तर एकही सापडली नाही. जूनमध्ये मुलगा शिकायला बंगळुरूला गेला, त्याचाच तिनं धसका घेतला असं सगळे म्हणतात. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याच्या मानेवर टाकायचं उरलेलं पिसवांचं औषध दिलं आहे. ते टाकू, की खोबरेल तेल लावू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, ते औषध आजच परत करा. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. काही तासांत अंग थरथरायला लागतं, झटके येतात. अशी मांजरं टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आणलेली मी पाहिली आहेत, आणि सगळी वाचली नाहीत. तेलही नको. तेल लागलं की ती ते काढायला आणखी चाटेल.

आता केस. चिंगीच्या पोटावरून उलट्या दिशेनं बोट फिरवा. दोन दिवस न केलेल्या दाढीसारखे खुंट लागले, तर केस गळलेले नाहीत, तिनं चाटून तोडलेत. डॉक्टर चार केस सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. टोक निमुळतं असेल तर केस मुळातून सुटला, तुटकं असेल तर जिभेनं तोडला. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात, ती कंगव्यासारखीच चालते. तुम्हाला ती चाटताना दिसत नाही याचं नवल वाटू देऊ नका. पुष्कळ मांजरं हे रात्री किंवा पलंगाखाली जाऊन करतात. शी किंवा उलटीत केसांचे पुंजके वाढलेत का, ते बघा.

मुलाच्या जाण्याचा धसका शक्य आहे, पण त्यावर मी शेवटी येईन. 2006 साली कॅनडातल्या पशुवैद्यांनी ‘मानसिक कारणानं केस काढतात’ असं समजली गेलेली 21 मांजरं नीट तपासली. 16 जणींना शारीरिक आजार निघाला. निव्वळ मानसिक कारण फक्त दोघींचं होतं. मांजराला मन असतं हे मला मान्यच आहे, पण ‘टेन्शन’ म्हणून तपासणी थांबवली की खाजणारं जनावर खाजतच राहतं.

पहिला संशय पिसवांवर. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर मोजके चावेही पुरतात, आणि चाटता चाटता मांजर पिसवा गिळून टाकतं, म्हणून सापडत नाहीत. उवांची बारीक फणी शेपटीच्या मुळाशी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही आला तरी मी मांजरांसाठीचंच औषध, वजनाप्रमाणे, सलग तीन महिने देते. घरात दुसरं जनावर असेल तर त्यालाही. कारण पिसवांचे कोष सोफ्याच्या फटीत, चटईखाली महिनोन्‌महिने दबा धरून असतात. पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते, आणि घरात त्या आपल्या पायांबरोबरही येतात. तिचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

दुसरी गोष्ट मला माझ्याच बोक्यानं शिकवली. तो फक्त ओटीपोट चाटायचा. मी सहा आठवडे पिसवा धरून बसले. एका सकाळी तो ट्रेमध्ये कुंथत बसलेला दिसला, लघवीत रक्त होतं. मूत्राशयाला सूज होती, आणि जिथं दुखत होतं तिथंच तो चाटत होता. हे मला आधी सुचायला हवं होतं, अजून वाईट वाटतं. म्हणून चिंगीचं पोट एवढंच उघडं असेल तर लघवी तपासा, सोनोग्राफीही करा. (कुणाचा बोका कुंथतोय आणि लघवी होतच नसेल, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या.)

गजकर्ण सहसा असं दिसत नाही. त्यात बहुधा तोंड, कान, पंजे यांवर कोंडा असलेले चट्टे येतात. पण घरात कुणाच्या अंगावर गोल लाल चकंदळ उठलं असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

पिसवांचा उपाय होऊनही चाटणं चालूच राहिलं, तर अन्नाची ॲलर्जी. त्यासाठी आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवलेलं एकच खाणं. मधे बोंबलाचा तुकडा नाही, दुधाची वाटी नाही, आजीच्या ताटातला घासही नाही. तिनं नवं खाणं तोंडात घेतलं नाही तर मात्र उपाशी ठेवून हट्ट करू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानंही मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते.

हे सगळं नितळ निघालं, तरच मुलाचं जाणं. तोवरही तिला दिलासा द्यायला हरकत नाही. तो ज्या वेळी तिच्याशी खेळायचा त्याच वेळी रोज दहा मिनिटं दोरी ओढा, त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवा. चाटताना ओरडू नका, त्यानं ती लपून चाटेल एवढंच होईल.

केस परत यायला दोन-तीन महिने लागतात. दर रविवारी त्याच खिडकीच्या उजेडात पोटाचा फोटो काढून तारीख टाका, आणि डॉक्टरांकडे जाताना ते फोटो घेऊन जा.