आयटीआयला लागलास, आता सरांना धरून राहा

इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश मिळाला, छान झालं. २ वर्षांचा कोर्स आहे, प्रॅक्टिकलचा एक तासही बुडवू नकोस. पुस्तक नंतर वाचता येतं, पण जॉइंट मारताना सरांचे हात कसे चालतात ते वर्कशॉपमध्येच दिसतं.

रत्नागिरी-मालवणकडे काम करायचं तर अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणारी जोडणी, नीट शिकून घे. आमच्या सरांनी ते खड्डा खणण्यापासून करून घेतलं होतं. जांभ्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरायचं आणि उन्हाळ्यात पाणी घालायला घरमालकाला बजावायचं. खाऱ्या हवेत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम थेट जोडलं की जोड खराब होतो, तिथे बायमेटॅलिक लगच हवा, म्हणजे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेला जोडतुकडा. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच. गिऱ्हाईक पैशांसाठी कुरकुरलं तरी ती सोडायची नाही. हे सगळं मी आजही सरांच्याच शब्दांत सांगतो.

सर रागावले तर मनाला लावून घेऊ नकोस. मेन बंद केल्यावरही तपासल्याशिवाय वायरला हात लावू न देणारा माणूस तुझा जीव जपतोय रे. पहिलं काम मिळालं की त्यांना फोन कर. आम्ही काही जण अजून गणपतीत सरांकडे जातो, अडलेलं काम तिथेच विचारून घेतो.