कमी वजनाची, जुन्या वळणाची इलेक्ट्रिक गिटार

प्रश्न : मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. माझी लेस पॉल पद्धतीची (भरीव लाकडी धडाची) गिटार चार किलोंहून अधिक वजनाची असून तासभर उभे राहून वाजवले की खांदा भरून येतो. १९६० च्या आसपासच्या ध्वनिमुद्रणांतला आवाज देणारी हलकी गिटार हवी आहे. मूळ काळातली डॅनेलेक्ट्रो कंपनीची एक गिटार आणि तिचीच १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघालेली नवी आवृत्ती, अशा दोन वापरलेल्या गिटार सध्या विक्रीला आहेत. पहिलीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट आहे. कोणती घ्यावी?
— एक वाचक

उत्तर : वाजवण्यासाठी घ्यायची असेल, तर नवी आवृत्ती घ्यावी. आपण ज्याला जुना आवाज म्हणता, तो या गिटारच्या बाबतीत वयापेक्षा तिच्या बांधणीतून येतो आणि ती बांधणी दोन्हींत बरीचशी सारखी आहे. डॅनेलेक्ट्रोचे संस्थापक नेथन डॅनियल यांनी आपल्याच राज्यात, आधी रेड बँक आणि मग नेपच्यून येथे, या गिटार स्वस्तात बनवल्या. लाकडी चौकटीला पुढून-मागून हार्डबोर्ड चिकटवलेला असल्याने आतला बराच भाग पोकळ राहतो, म्हणून वजन साधारण पावणेतीन किलोंच्या आतबाहेर भरते. पिकअपसाठी (तारांचे कंपन पकडून त्याचा विद्युत संकेत करणाऱ्या भागासाठी) त्यांनी चक्क लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या. काटकसरीतून निघालेला तो मोकळा, किणकिणता आवाज आज लोक हौसेने पैसे मोजून घेतात, ही गंमतच म्हणायची! दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर ते एकापुढे एक जोडले जातात, त्यामुळे मधल्या स्थितीत आवाज अधिक भरदार होतो. बघायला जाल तेव्हा हे अवश्य ऐका.

मूळ गिटारची मोठी अडचण नेकची, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांडीची आहे. तिच्यात पोलादी पट्ट्या असतात, पण फिरवून वाक काढता येईल असा ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) नसतो. साठ वर्षांत नेक वाकली असेल, तर दुरुस्ती खर्चिक होते. नव्या आवृत्तीत हा रॉड असतो. तरीही पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) जाडी तार एकाच वेळी दाबून मधल्या फ्रेटपाशी किती फट राहते ते पाहावे. कागद जेमतेम सरकेल इतकी असावी. हार्डबोर्डला दमट हवा सोसत नाही, म्हणून कडेची पट्टी जिथे सुटलेली दिसेल तिथे बोट फिरवून कडा फुगली आहे का ते तपासावे. फुगलेली असेल तर सौदा सोडून द्यावा. बटणे फिरवताना खरखर झाली तर घाबरू नये, ती बहुधा साफसफाईने जाते. सिंगल कॉइल (तारेचे एकच वेटोळे असलेल्या) पिकअपची घूंऽऽ मात्र त्यांच्या स्वभावातलीच आहे.

आपल्या खांद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हलक्या गिटारला नेकचे वजन झेपतेच असे नाही. पट्टा लावून उभे राहावे आणि दोन्ही हात सोडावेत. नेक जमिनीकडे झुकू लागली, तर वाजवताना डाव्या हाताने ती सतत उचलून धरावी लागेल आणि खांद्याचे दुखणे मनगटात येईल. थोडाफार झुकाव असल्यास आतून खरबरीत असलेला रुंद चामडी पट्टा तो आवरतो. फार असल्यास नाही.

जुन्या नमुन्याचा ब्रिज (धडावरचा तारांचा आधार) असेल, तर त्यावर सगळ्या तारांसाठी लाकडाची एकच आडवी पट्टी असते, त्यामुळे प्रत्येक तारेचा सूर वेगळा जुळवता येत नाही. वरच्या फ्रेटवर थोडे बेसूर वाजते, ते किती हे बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावून दुकानातच पाहून घ्यावे. प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र सॅडल (तार टेकते तो छोटा भाग) असलेला ब्रिज नंतर बसवून घेता येतो. तो खर्च लक्षात ठेवूनच किमतीची घासाघीस करावी.