बाबांची कंबर आणि अमेरिकेतला आकडा

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही घाटंजी तालुक्यातले. बाबा 66 वर्षांचे, रातच्याले चार-पाच खेपा लघवीले उठतात, धार बारीक झाली, आन दोन महिन्यापासून कंबर दुखते त म्हणतात कापूस वेचून दुखत असन. पुतण्या अमेरिकेत आहे, तो म्हणे तिकडं काळ्या लोकाईत प्रोस्टेटच्या कॅन्सरनं मरणारे गोऱ्याईच्या दुप्पट. हे रक्तातच असते का? मंग आपलं कसं?

उत्तर : भाऊ, पुतण्याचा आकडा बरोबर आहे. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी. काळ्या पुरुषांना हा कॅन्सर होतोही जास्त, त्यात थोडा भाग अनुवंशिकतेचा आहेच. पण झाल्यावर कोण किती जगतो ते वेगळं. तिथं माजी सैनिकांचे सरकारी दवाखाने आहेत, उपचार जवळपास सगळ्यांना सारखे, तिथल्या सुमारे 60 हजार रुग्णांचा हिशेब 2020 मध्ये आला आणि काळे रुग्ण या कॅन्सरनं गोऱ्यांपेक्षा जास्त दगावलेत असं काही निघालं नाही. म्हणजे त्या दवाखान्यांबाहेर जास्त करून मारतो तो उशीर, विमा नसणं, आणि दवाखान्यावरचा उडालेला भरवसा. तो उगाच नाही उडाला, अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात 1932 ते 1972 सरकारी डॉक्टर काळ्या पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग औषध न देता नुसता बघत बसले होते.

आपल्याकडं हा कॅन्सर त्यांच्यापेक्षा कमी, पण येतात ते पुष्कळदा हाडात पसरल्यावरच. माझ्याकडं बाबांच्याच वयाचे एक काका आले होते, वर्षभर कंबरेला बाम चोळत होते, धोतराच्या सोग्यात जडीबुटीची पुडी, आणि एक्स-रेत मणक्यांवर पांढरे डाग. मला ते अजून आठवतात.

बाबांचं नुसतं प्रोस्टेट वाढलेलंही असू शकते, या वयात ते फार कॉमन आहे. पण कंबर कापूस वेचूनच दुखते असं धरून थांबू नका, याच आठवड्यात लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि पीएसए ही रक्ताची टेस्ट करा. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, इन्फेक्शननंही वाढते. डॉक्टर मागून बोट घालून तपासतील, इथंच आपली माणसं लाजून उठून येतात, तर बाबांना घरूनच नीट सांगून न्या. पाय लुळे पडले किंवा लघवी बंद झाली तर त्याच दिवशी सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठा. राशन कार्ड, आधार सोबत ठेवा, मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत विचारायला लागतात. रिपोर्ट आला की पीएसएचा आकडा मला कळवा.